टीव्हीतल्या आचाऱ्याची माफी

लग्नघरच्या भट्टीवर रस्सा उकळायला लागला तरी चांगदेव आचारी त्याची चव घेत नसे. देवाला नैवेद्य जायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, ही त्याच्या वडिलांची शिस्त. तो उजवा तळहात वाफेत धरायचा, तसाच नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मीठ अर्धी मूठ कमी हाय." अर्धी मूठ म्हणजे अर्धीच मूठ. चाळीस वर्षं त्यानं मंचरपासून आळ्यापर्यंत पंगती घातल्या. त्या हाताचं नाव आंबेगावातही होतं आणि जुन्नरातही.

तोच हात एका सोमवारी संध्याकाळी त्याला टीव्हीवर दिसला.

त्याची बायको ठकूबाई रोज साडेसातला 'पाचवी शेगडी' नावाची मालिका लावायची. पुण्यातलं मोठं हॉटेल, त्याचं लखलखीत स्वयंपाकघर, पांढऱ्या डगल्यातली माणसं आणि त्या सगळ्यांवर खेकसणारा मुख्य शेफ दळवी. चांगदेव आधी नाक मुरडायचा. म्हणायचा, "ह्यांच्या डोक्यावर टोप्या हायती, पर पातेल्यात काय न्हाई." पण दळवी ओरडायला लागला, की सुपारी कातरायची थांबवून तो मान वर करायचा.

"असा पायजे मानूस! भट्टी म्हंजे काय भजनी मंडळ हाय व्हय, समद्यांशी गोड बोलायला?"

"तुमचाच भाऊ शोभतोय," ठकूबाई म्हणायची. "जत्रंत हरवला व्हता का लहानपनी?"

त्या सोमवारी शेफ दळवीनं उकळत्या रश्श्याच्या वाफेत तळहात धरला. नाकाशी नेला. डोळे मिटले. "मीठ अर्धी मूठ कमी आहे."

"अगं बया!" ठकूबाईनं तोंडावर हात ठेवला. "अवो, ह्यो तर तुमीच की!"

चांगदेवाला हसूच फुटलं. त्याला वाटलं, मालिकेतल्या कुणीतरी आपल्या हातचं खाल्लंय, आपल्याला भट्टीवर उभं राहून बघितलंय. चार दिवस तो छाती काढून गावात फिरला. पारावर सांगून आला, एसटी स्टँडवर सांगून आला, केस कापताना न्हाव्यालाही सांगितलं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी आपली किंमत ओळखली, असं त्याला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी त्या हॉटेलात मंत्र्याची मेजवानी होती. वत्सला नावाची एक बाई मासवड्या वळत होती. ताटं बाहेर गेली आणि तशीच परत आली. मासवड्या फुटल्या होत्या. सारण एकीकडे, बेसन एकीकडे. दळवी सगळ्या पाहुण्यांसमोर त्या बाईला दंडाला धरून उभी करतो आणि ओरडतो, "हात मेलेत हिचे. माझ्या भट्टीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

चांगदेवाच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

हॉटेलात कुठली आलीय भट्टी? तिथं सगळा गॅस. पण लिहिणाऱ्यानं तेवढा शब्दसुद्धा बदलला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी आळ्याला, बहिरूअण्णांच्या थोरल्या मुलाच्या हळदीच्या दुपारी, भर पंगतीत हे वाक्य चांगदेवानं म्हटलं होतं. साळुबाईला.

मालिका संपून नावं वर सरकायला लागली. सातवी शिकलेली ठकूबाई जवळ जाऊन वाचत होती. "लेखन... प्रतिभा... अवो, ही साळूचीच लेक. ममईला मालिका लिवती म्हनत्यात, ती हीच." मग ती वळली. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं टीव्ही बंद केला.

ही साळुबाई आळ्याची. पंधरा वर्षं ती चांगदेवाच्या हाताखाली मासवड्या वळत होती. मासवडी खाणारे पुष्कळ असतात, पण ती वळायला जो हात लागतो तो फार थोड्यांना असतो. शिजवून घोटलेलं गरम बेसन ओल्या फडक्यावर पातळ थापायचं. त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं. मग फडक्याच्याच आधारानं गुंडाळी करत, दाबत, तिला माशासारखा आकार द्यायचा. बेसन निवलं की चिरतं, गरम असलं की बोटं भाजतात. साळुबाई बोटं भाजू द्यायची, वडी चिरू द्यायची नाही. तिच्या वडीच्या कापावर सारणाची रेघ अशी सरळ उतरायची, की बाहेरगावचे पाहुणे ती बघण्यासाठी घास थांबवत. त्या हळदीच्या वेळी प्रतिभा सतरा वर्षांची. सुट्टीत आईबरोबर लसूण सोलायला यायची आणि मान खाली घालून बसायची. कुणाच्या लक्षातही नव्हतं, की ही पोरगी एवढं सगळं बघतेय.

त्यानंतर चांगदेव मालिका सोडू शकला नाही. रोज साडेसातला तो पाटावर येऊन बसायचा.

दळवीची माणसं एकेक करून त्याला सोडून गेली. एकदा तर भर गर्दीच्या दिवशी तो एकटाच उरला आणि त्याला स्वतःला भांडी घासावी लागली. मग हळूहळू तो बदलायला लागला. हाताखालच्या पोरांना नावानं हाक मारायला लागला. एका पोराचा हात भाजला तर स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेला. ठकूबाई दर भागाला हुरूपून जायची.

"सुधारतोय बगा गडी."

"टीव्हीतला हाय. लिवनाऱ्यानं सुधारला म्हनून सुधारला," चांगदेव पुटपुटायचा.

"मंग खऱ्यांना कुनी आडवलंय?"

चांगदेव पुन्हा सुपारी कातरायला लागायचा. हा दळवी एक दिवस वत्सलाच्या दारात जाणार, हे त्याला दिसत होतं. आणि गेल्यावर काय बोलणार? प्रतिभाला किती माहीत आहे? त्या दिवसाचं खरं तिला कळलंय?

कारण खरं काय होतं, ते जगात एकट्या चांगदेवाला ठाऊक होतं.

बहिरूअण्णांच्या घरची रीत अशी, की चुलीची पूजा झाली की घरातली वडीलधारी बाई आचाऱ्याच्या हातात तीन वार कोरं मांजरपाट द्यायची, हळदीकुंकू लावलेलं. आचारी ते खांद्यावर टाकायचा, एवढंच. पण त्या दिवशी बहिरूअण्णांच्या आई, चिमाबाई, म्हणाल्या, "आचारी, माझ्या नातवाच्या मासवड्या माझ्याच फडक्यावर थापा." म्हातारीचा शब्द आणि भोवती शंभर माणसं. चांगदेवाचा ऊर भरून आला. तिथल्या तिथंच, साळुबाई यायच्या आत, त्यानं कापडाचे तुकडे फाडले, एकदा पाण्यात बुचकळले आणि पाटांवर ताणून ठेवले. फडकी धुऊन मांडायचं काम नेहमी त्याचंच, त्यामुळं साळुबाईनं ती निरखून बघायचं कारणच नव्हतं. वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेली, स्वतःची धुतलेली फडकी गाठोड्यातच राहिली. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. दोनतीनदा गरम पाण्यात धुतल्याशिवाय ती जात नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती, आणि मान मिळाल्याचा आनंदही होता.

गरम बेसन खळीला चिकटलं. सोडवायला जावं तर फाटायला लागलं. साळुबाईनं जिवाच्या आकांतानं चारशे माणसांच्या वड्या वळल्या, आणि पानात पडल्या तेव्हा त्या उलगडून पसरल्या. व्याह्यांकडचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "हे पिठलं हाय का खोबऱ्याची चटनी, राव?" पंगत हसली. चांगदेवाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि त्यानं ते वाक्य म्हटलं.

सांजेला विहिरीवर फडकी पिळताना त्याच्या बोटांतून पांढरं, बुळबुळीत पाणी निघालं. तो बराच वेळ त्या पाण्याकडं बघत बसला. मग फडकी वाळत घातली आणि घरी आला. कुणाला काही बोलला नाही. अकरा वर्षं.

साळुबाईला आतून कळलं असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. एवढी जाणती बाई. कळलं असेल आणि रागानं पुन्हा कामाला आली नसेल. हा राग त्याला पेलत होता.

मग तो भाग आला. शेफ दळवी वत्सलाच्या दारात उभा राहतो, हात जोडतो, आणि भरल्या आवाजात म्हणतो, "ताई, चूक तुमच्या हातून झाली. पण चूक कुणाच्या हातून होत नाही? मी तेव्हाच तुम्हाला माफ करायला हवं होतं. आज करतोय." वत्सला रडते. त्याच्या पाया पडते. सनई वाजते.

ठकूबाईनं पदरानं डोळे टिपले. चांगदेवाला मात्र ती सनई ऐकवेना. तो तिला माफ करतोय? तो तिला?

दुसऱ्या दिवशी मंचरला माणिकचंदशेठच्या किराणा दुकानात पाय ठेवला, तर शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "या, चांगदेवभाऊ! काल आमच्या घरात सगळे रडले. दुसऱ्याची चूक पोटात घालायला मोठं मन लागतं बरं का." दुकानातली माणसं वळून बघायला लागली. एका बाईनं त्याला वाकून नमस्कार केला. चांगदेव जिरं घ्यायला गेला होता. तो जिरं न घेताच घरी आला.

घरी ओट्यावर आळ्याचे बहिरूअण्णा येऊन बसले होते. अकरा वर्षांत या माणसानं तोंड दाखवलं नव्हतं.

"आचारी, धाकट्याचा साखरपुडा हाय पुढच्या रविवारी. म्हातारी म्हनती, टीव्हीतलाच आचारी आना. आवो, आमच्या घरातला प्रसंग आख्ख्या महाराष्ट्रानं बघितला! तुमीच यायचं. मासवडी करायची."

चांगदेवानं मान डोलावली. कशी डोलावली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

बहिरूअण्णा गेले आणि त्यानं ठकूबाईला प्रतिभाचा नंबर मिळवायला सांगितला. आळ्याच्या नात्यातल्या दोघींना फोन करून तिनं तो मिळवला. प्रतिभाचा आवाज आला तो एकदम खुशीत.

"मामा! मला वाटलं होतं, तुम्ही चिडाल. म्हणून मीच फोन करत नव्हते."

"पोरी, त्यो शेफ... त्यो माफ का करतो गं तिला?"

"मामा, मालिका लांबते तशी पात्राची वाढ दाखवावी लागते. सुरुवातीला जसा होता तसाच शेवटी राहिला, तर लोकांनी एवढे महिने काय बघितलं? त्याचा गर्व उतरवायचा होता. आईच्या हातून चूक झाली, पण तुम्ही एवढं बोलायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. तेच लिहिलं."

"आईच्या हातून चूक झाली, हे कुनी सांगितलं तुला?"

"आईनंच. ती आजही तेच म्हणते. हातातलं कसब गेलं म्हणते. त्या दिवसापासून घरात भाकरीसुद्धा थापत नाही, आधी मी थापायचे, आता वहिनी थापते. मामा? ऐकताय ना?"

चांगदेवानं फोन ठकूबाईच्या हातात दिला. तिनं तो ठेवल्यावर त्यानं बायकोला विहिरीवरच्या पाण्याचं सांगितलं.

ठकूबाईनं ऐकलं. अकरा वर्षं शेजारी बसून जेवलेल्या माणसाकडं ती असं बघत होती, जसं घरात कुणी परका शिरलाय. "मी गावाला सांगत फिरले," ती म्हणाली, "साळूचा हात गेला म्हनून. मी सोता सांगितलं." मग उठता उठता एवढंच म्हणाली, "सकाळची पयली एसटी धरा."

साळुबाई आळ्याला एका कांदे साठवायच्या चाळीत कामाला होती. तिच्यासारख्या पाचसहा बाया कांदे निवडत बसल्या होत्या. चांगदेवाला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. जागची उठली नाही.

"या आचारी. टीव्हीत लई वाकला हो तुमी."

बाया फिसकन हसल्या. चांगदेव तसाच मातीत बसला. म्हणाला, "साळुबाई, तुज्या हातात काय चूक नव्हती. फडकं कोरं व्हतं. खळीचं. मी धुतलं न्हवतं."

साळुबाईचे हात कांद्यांवर थांबले.

"कधी कळलं तुमाला?"

"त्याच दिवशी. सांजंला. फडकी पिळताना."

साळुबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग आला नाही, रडू आलं नाही. ऐकलेलं आत उतरायलाच तिला वेळ लागत होता.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. मग पुढ्यातल्या कांद्यांकडं बघत, "मी डाक्टरकडं गेले व्हते, आचारी. मंचरला. म्हनलं, हात तपासा, शिरा तपासा. डाक्टर म्हनला, काय न्हाई झालं मावशी तुमाला. मी त्याला खोटा ठरवला. म्हनलं, चारशे मानसांनी बघितलंय, डाक्टरला काय कळतंय." तिनं पुढ्यातले कांदे बाजूला सारले. "पोराच्या लग्नात मासवड्या राजगुरुनगरनं आनल्या इकत. मी, साळू. इकत आनल्या."

चांगदेवानं हात जोडले.

"ते नको!" ती एकदम ओरडली, आणि मागं बांधलेली शेळी दचकून उठली. "हात जोडलेलं बघितलंय मी टीव्हीत. पाया बी पडले मी तुमच्या तितं! तुमी मला पंगतीत बोलला व्हता. पंगतीत सांगा."

"रयवारी अण्णांकडं साखरपुडा हाय. त्याच घरी."

"मंग तितंच."

शनिवारपर्यंत चांगदेवाला जेवण गेलं नाही. सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी मातीत जाणार. त्यात कापड चिमाबाईंनी दिलेलं. म्हातारीला शुभ म्हणून दिलेल्या फडक्याचा दोष ऐकवायचा कसा? ठकूबाई म्हणाली, "फडक्याचा दोष न्हाईच. न धुनाऱ्याचा हाय. तेवढंच सांगा. मागंपुढं बोलू नका."

रविवारी मांडव भरलेला होता. पहिली पंगत बसली. पोरं मोबाइल उगारून 'टीव्हीतल्या आचाऱ्या'ला टिपत होती. चिमाबाई, आता नव्वदीच्या, खुर्चीत बसल्या होत्या. साळुबाई बायकांच्या रांगेत जेवायला बसली नव्हती. मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती.

वाढप सुरू व्हायच्या आधी चांगदेव दोन रांगांच्या मधोमध गेला. चाळीस वर्षांत पंगतीत स्वतःबद्दल सांगायला तो पहिल्यांदाच उभा राहिला होता.

"मंडळी, ह्याच घरात अकरा वर्षांपूर्वी मासवड्या फुटल्या. मी साळुबाईचे हात मेले म्हनलो. खोटं बोललो. फडकी कोरी व्हती, मी धुतली न्हाईत. दोष माजा एकट्याचा. आन् मला ते त्याच दिवशी कळलं व्हतं."

पोरांचे मोबाइल वरच राहिले. बहिरूअण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच गोठलं. "आरं, पर टीव्हीत तर..." कुणीतरी म्हणालं आणि अर्ध्यातच थांबलं. एक जाडा पाहुणा ताटावरून उठून चांगदेवाच्या तोंडाशी आला, "अकरा वरीस? लाज वाटली न्हाई?" आणि परत जाऊन बसला. माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही. मोठं मन लागतं, असंही कुणी म्हणालं नाही.

चिमाबाईंना सगळं ऐकू गेलं नव्हतं. नातसुनेनं कानाशी तोंड नेऊन सांगितलं. म्हातारीनं बराच वेळ जबडा हलवला. "मग ती बाय कुटंय?" त्यांनी विचारलं. "उभी का? तिला आत न्या."

साळुबाई आत गेली, पण पानावर नाही. मांडवामागं दुसऱ्या पंगतीच्या मासवड्या वळायच्या बाकी होत्या, तिकडं गेली. चांगदेव मागोमाग धावला. परातीतलं बेसन अजून वाफाळत होतं. तिनं पदर खोचला, हात धुतले आणि तिथं बसलेल्या बाईला म्हणाली, "सरक गं."

आत सगळे गोळा झाले. ठकूबाईही आली. साळुबाईनं बेसन थापलं. सारण पसरलं. बोटं भाजली तशी तिची भुवई आखडली, पण हात हलला नाही. गुंडाळी वळली, दाबली, फडकं सोडवलं.

वडी मधोमध फुटली. सारण पाटावर सांडलं.

चांगदेव पुढं सरकला. फडकं तर त्यानं पाच वेळा उकळून धुतलं होतं. त्यानं तोंड उघडलं, काहीतरी बोलायला, फडक्याबद्दल, बेसनाबद्दल, कशाबद्दल तरी.

"गप ऱ्हावा!" साळुबाई म्हणाली. फुटलेली वडी तिनं हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. अकरा वर्षं न वळलेल्या बोटांची चूक तिला तिथं स्पष्ट दिसत होती. दाब डाव्या अंगठ्याचा, जरा लवकर दिलेला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"तवा फुटल्या त्या तुमच्या, आचारी," ती म्हणाली. "ही फुटली ती माजी."

आणि तिनं परातीतलं पुढचं बेसन थापायला घेतलं.